मनी ट्री घरात वाढवताना: पाणी, उजेड आणि वेणीतलं खोड

कुंडीतलं मनी ट्री तहानेनं क्वचितच मरतं. ते मरतं पाण्यानं, आणि तेही मायेनं रोज थोडं थोडं घातलेल्या पाण्यानं. म्हणून या लेखात खत, छाटणी, कीड सगळं येईल, पण जास्त जागा पाण्याला आणि उजेडालाच दिली आहे. ती दोन गणितं सुटली की बाकीचं फारसं अवघड नाही.

कोणतं झाड?

आधी एक घोळ मिटवू. बदामी आकाराच्या पानांचा वेल, ज्याला सगळे मनी प्लांट म्हणतात, तो हा नव्हे. जाड, गरदार पानांचं जेडही नव्हे. इथे विषय आहे तो पचिरा अ‍ॅक्वाटिका या झाडाचा. एका लांब देठाच्या टोकाला गोलाकार पसरलेल्या पाच ते सात पर्णिका, तळाशी फुगलेलं खोड आणि बऱ्याचदा तीन किंवा पाच खोडांची घातलेली वेणी, एवढ्यावरून ते ओळखता येतं. बाजारात याच नावाखाली पचिरा ग्लाब्रा ही त्याची जवळची जातही सर्रास विकली जाते. लहानपणी दोन्ही इतकी सारखी दिसतात की जाणकारही फसतात. निगा दोघांची एकच, त्यामुळे त्यावर डोकं शिणवायची गरज नाही.

झाड मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर ब्राझीलपर्यंतच्या दलदलीच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यातलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑब्ले यानं १७७५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कूळ माल्व्हेसी, म्हणजे जास्वंद, भेंडी, कापूस, काटेसावर आणि गोरखचिंच ही त्याची भावकी. गोरखचिंचेसारखंच हेही खोडात पाणी साठवतं, आणि ही एक गोष्ट पुढे वारंवार कामाला येणार आहे. रानात ते अठरा मीटरपर्यंत जातं. घरात छाटत राहिलात तर दीड-दोन मीटरवर खूश असतं. वेणी घातलेली रोपं तैवानमध्ये १९८०च्या दशकात लोकप्रिय झाली आणि तिथून जगभर पोचली. पाच पर्णिका म्हणजे फेंगशुईतली पाच तत्त्वं, म्हणून ते धनाचं झाड. पैसा येतो की नाही ते ज्याचं त्यानं पाहावं. घरात मांजर-कुत्रं असेल तर मात्र एक खरोखरीचा फायदा आहे: अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत हे झाड मांजरं आणि कुत्र्यांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेलं आहे.

रोप निवडताना

बहुतेक जण पानांचा घेर बघतात. तुम्ही खोड बघा. वेणीतल्या प्रत्येक खोडाला मातीलगत अंगठ्यानं दाबून पाहायचं. निरोगी खोड लाकडासारखं घट्ट लागतं. एखादं जरा दबलं, साल कागदासारखी सुटून हातात आली किंवा आत पोकळ वाटलं, तर ते खोड गेलेलं आहे, वर पानं हिरवी दिसत असली तरी. पाच खोडांच्या वेणीत एक मेलेलं असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि बाहेरून ते लक्षातही येत नाही. शेंड्याला ताजी, फिकट हिरवी पालवी फुटत असेल तर उत्तम.

मातीवर रंगीत खडे चिकटवलेले असतील तर घरी आणल्यावर ते आधी खरवडून काढा. गोंदानं जोडलेल्या त्या थराखाली माती ओली आहे की कोरडी हे कळायला मार्ग राहत नाही.

जागा बदलल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालची काही पानं पिवळी पडून गळतात. घाबरून लगेच कुंडी बदलणं, खत घालणं, जागा हलवत राहणं, यानं पानगळ वाढते. एक चांगली जागा ठरवा आणि त्याला तिथे रुळू द्या. अपवाद एकच: खालच्या भोकातून चिखलासारखं, वास येणारं पाणी गळत असेल तर थांबू नका. त्याच दिवशी माती बदला.

उजेड

भरपूर उजेड, पण भर दुपारचं ऊन नाही. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळालं तर झाडाला ते आवडतंच. दुपारचं कडक ऊन काचेतून थेट पानांवर आलं की पानांवर पांढुरके, कोरडे चट्टे उमटतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. खिडकीपासून मीटर-दीड मीटरच्या आत जागा असावी. खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात झाड लगेच मरत नाही, म्हणूनच माणूस फसतो. ते तिथे महिनोनमहिने तग धरतं, पण नवे देठ लांबलचक होतात, पानांमधलं अंतर वाढतं, शेंडा खिडकीकडे झुकतो आणि नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येतात. ही चिन्हं दिसली की खत घालू नका, कुंडी उजेडाकडे सरकवा. खिडकीच नसेल तर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली दिवसाचे दहा-बारा तास ठेवूनही ते चांगलं वाढतं.

सावलीत असलेलं झाड एकदम उन्हात नेऊ नये. दोन-तीन आठवड्यांत, थोडं थोडं करून न्यावं. आणि दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवली तर घेर सगळीकडून सारखा भरतो.

पाणी

दलदलीतलं झाड कुंडीतल्या पाण्यानं कसं कुजतं, हा प्रश्न साहजिक आहे. नदीकाठी पाणी चढतं आणि उतरतं, मुळं दूरवर पसरलेली असतात, आणि त्या मोठ्या झाडावर दिवसभर ऊन पडत असल्यानं ते पाणी शोषूनही भरपूर घेतं. घरातल्या कुंडीत यातलं काहीच नसतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा बाहेर जाते, बारीक मुळं गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. तिथून ती सड वर, खोडाच्या फुगीर बुडख्यात शिरते. खोडात साठलेल्या पाण्यावर पानं बरेच दिवस ताजी दिसत राहतात. ती माना टाकतात तेव्हा खाली बराच कारभार आटोपलेला असतो.

‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो निरुपयोगी आहे. त्याच झाडाला खिडकीत पाच दिवसांनी पाणी लागेल आणि कोपऱ्यात पंधरा दिवसांनी. उजेड, कुंडीचा आकार, माती आणि ऋतू यांवर सगळं अवलंबून असतं. शेतकरी जसा वाफसा येण्याची वाट बघतो, तशीच इथेही बघायची: माती ओलसर हवी, पण तिच्यात हवा खेळती हवी.

ते ओळखायचं असं. लाकडी काडी कुंडीच्या कडेनं अर्ध्या खोलीपर्यंत खुपसा, मिनिटभर ठेवा, बाहेर काढा. काडीला ओले मातीचे कण चिकटून आले तर आज पाणी नाही. काडी वर कोरडी आणि फक्त टोकाला किंचित गार, दमट लागली तर पाणी द्यायची वेळ झाली. वरची चार-पाच सेंटिमीटर माती पूर्ण सुकलेली असावी, मोठ्या कुंडीत वरचा एक तृतीयांश भाग. काही दिवसांनी काडीही लागत नाही, कारण कुंडी जरा उचलून बघितली की वजनावरून कळतं.

द्यायचं तेव्हा मात्र मनसोक्त द्या. सगळ्या मातीवर सावकाश ओतत राहा, तळाच्या भोकातून पाणी वाहायला लागलं की थांबा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या. रोज कपभर पाण्याची सवय दोन्हीकडून वाईट: वरची माती कायम ओली राहते आणि खालची मुळं कोरडीच. कुंडी भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात ठेवली असेल तर पाणी देताना ती बाहेर काढा. भांड्याच्या तळाशी साचलेल्या, न दिसणाऱ्या पाण्यानं कितीतरी झाडं गेली आहेत.

थंडीत झाडाची वाढ मंदावते आणि माती सुकायला दुप्पट वेळ लागू शकतो. त्या दिवसांत शंका आली तर दोन दिवस थांबा. उशीर झाल्यानं एखादं पान गळेल. घाई झाल्यानं खोड जातं.

कुंडी आणि माती

कुंडीला तळाशी भोक हवंच, त्यात तडजोड नाही. मातीची, न रंगवलेली कुंडी बाजूनंही श्वास घेते, त्यामुळे ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सैल आहे त्यांनी तीच घ्यावी. प्लॅस्टिकची चालते, पण ती ओल धरून ठेवते. पानांचा भार वर असल्यानं हलकी कुंडी कलंडूही शकते.

मिश्रण भुसभुशीत असावं. दोन भाग कोकोपीट किंवा चांगली पॉटिंग माती, एक भाग परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) किंवा जाड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पुरतं कुजलेलं शेणखत. झाडाच्या सालीचे बारीक तुकडे मिळाले तर मूठभर घाला. मूठ आवळून सोडली की गोळा अलगद फुटला पाहिजे. नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते, ती टाळा. तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो हा समजही सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी जाड थरावर येऊन थबकतं, त्यामुळे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा किंवा फुटक्या कुंडीचा एक तुकडा पुरतो.

कुंडी बदलताना

साधारण दोन वर्षांनी, वाढीचा हंगाम सुरू होत असताना हे काम काढावं. भोकातून मुळं डोकावायला लागली किंवा पाणी न थांबता सरळ खाली जायला लागलं की वेळ झाली समजा.

१. आदल्या दिवशी हलकं पाणी द्या, म्हणजे मातीचा गड्डा सहज सुटतो.

२. कुंडी आडवी करून, खोडांच्या तळाशी धरून झाड बाहेर काढा. वेणीच्या वरच्या भागाला धरून ओढायचं नाही.

३. गड्डा नीट तपासा. बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती रोपवाटिकेतली बारीक जाळी किंवा स्पंजचा तुकडा तसाच राहिलेला असतो. कात्रीनं कापून, मुळं न तोडता जेवढा निघेल तेवढा काढा. याच जाळीपायी पुढे मुळं आवळली जातात आणि मधोमध ओल कोंडते.

४. काळी, बुळबुळीत मुळं कापून टाका. फिकट, घट्ट मुळांना हात लावू नका. गोल गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी थोडी मोकळी करा.

५. नवी कुंडी जुनीपेक्षा जेमतेम दीड-दोन इंच रुंद घ्या. एकदम मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते.

६. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच लावा. फुगीर बुडखा मातीत पुरू नका.

७. पाणी देऊन माती बसू द्या. महिना-दीड महिना खत देऊ नका.

वेणी

वेणी ही माणसाची हौस. झाडाला तिची गरज नसते. खोडं कोवळी, हिरवी असताना ती एकमेकांत गुंफतात आणि टोकाला तार, टेप किंवा रबर बांधतात. ते बांधलेलं नंतर कुणी काढत नाही. खोड जाड व्हायला लागलं की तार सालीत रुतते, वरच्या भागाला अन्नरस पोचेनासा होतो. म्हणून झाड आणल्यावर वर आणि मातीलगत, दोन्हीकडे बांधलेलं काही आहे का बघा. खोडं लाकडी झालेली असतील तर कापून टाका, वेणी उलगडत नाही.

वरचे कोवळे शेंडे पुढे गुंफायचे असतील तर ते लवचीक असेतोवरच, आणि सैल हातानं. गाठीला मऊ सुती दोरा वापरा आणि तो अधूनमधून सोडून पुन्हा बांधा.

वेणीतलं एखादं खोड मेलं तर ते ठेवून देऊ नका. ते हलवलं तर खुळखुळतं. मातीलगत सुटं करून, वळण उलट दिशेनं उलगडत वर ओढलं की बहुधा सगळंच्या सगळं निघून येतं. अडकलं तर तुकडे करून काढा. पोकळी काही दिवस विचित्र दिसते, पण उरलेली खोडं जाड होत ती भरून काढतात.

छाटणी, खत, हवा

शेंडा कापला की त्याच्या खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे निघतात आणि झाड भरगच्च होतं. स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं, डोळ्याच्या साधारण एक सेंटिमीटर वर काप द्या. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नका. उत्तम काळ वाढीच्या हंगामाची सुरुवात. खुंटासारखं उंच, वर चार पानं असं झालेलं झाडही निम्म्यावर कापून पुन्हा फुलवता येतं, पण मुळं धडधाकट आणि उजेड भरपूर असेल तरच.

खताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, संतुलित द्रवखत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं. थंडीत बंद. तीन-चार महिन्यांनी एकदा भरपूर साधं पाणी ओतून साचलेले क्षार धुऊन काढा.

तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस झाडाला मानवतं, दहाच्या खाली ते दुखावतं. एसीचा किंवा हीटरचा झोत थेट अंगावर नको. पानांवर फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं, त्यानं हवेतला दमटपणा टिकत नाही. चार कुंड्या एकत्र ठेवल्यानं थोडा फरक पडतो. पानं ओल्या फडक्यानं पुसणं जास्त उपयोगाचं, कारण धूळ जाते आणि कीडही वेळीच दिसते.

पानं पिवळी का पडतात?

खालची एक-दोन पानं अधूनमधून पिवळी होऊन गळणं हा वयाचा परिणाम. बरीच पानं एकदम पिवळी आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. पानं लोंबलेली, कडा कुरकुरीत आणि कुंडी हलकी लागत असेल तर तहान. नुसती टोकं तपकिरी होणं कोरड्या हवेमुळे किंवा क्षारांमुळे. सगळं ठीक असून नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर पोषण कमी पडतंय.

पानाच्या देठाशी आणि मागे कधी कधी स्वच्छ, चिकट थेंब दिसतात. तो झाडाचा स्वतःचा गोड स्राव असू शकतो, पुसून टाकला की झालं. पण आसपास तपकिरी, नखानं खरवडून निघणारे ठिपके असतील तर ती खवले कीड. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानामागे बारीक जाळी आणि वर धुळकट ठिपके म्हणजे कोळी नावाची कीड, ती कोरड्या हवेत हटकून येते. तिघांवर पहिला उपाय एकच: झाड बाजूला न्या, पाण्याच्या धारेनं पानं दोन्ही बाजूंनी धुवा, पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब सौम्य द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा केल्याशिवाय अंड्यांतून निघणारी पिढी आटोक्यात येत नाही. मातीवर घोटाळणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसल्या तर फवारणीआधी पाणी कमी करा, त्यांच्या अळ्या ओल्या वरच्या थरातच वाढतात.

खोड मऊ लागलं तर

वेळ न घालवता झाड बाहेर काढा, मुळं धुवा, कुजलेलं सगळं कापा. सड फक्त मुळांत असेल तर काप काही तास सुकू द्या, मग उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशा लहान कुंडीत, कोरडसर मिश्रणात लावा. हलकं पाणी देऊन उजेडात ठेवा, उन्हात नाही. नवी पालवी येईपर्यंत खत नको.

बुडखाच मऊ असेल तर खालचा भाग वाचत नाही. तेव्हा स्वच्छ पात्यानं खोड वरवर कापत जायचं, आतलं लाकूड डागाशिवाय मलईच्या रंगाचं दिसेपर्यंत. वरचा निरोगी शेंडा कटिंग म्हणून लावता येतो.

नवं रोप

दहा-पंधरा सेंटिमीटरचा, किमान दोन डोळे असलेला तुकडा घ्या. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, खालचं टोक रूटिंग हार्मोनमध्ये, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या औषधात, बुडवून परलाइट-कोकोपीटमध्ये खोचा. वरून पारदर्शक पिशवी घाला आणि रोज थोडा वेळ उघडून वारं लागू द्या. उबदार जागेत चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. पाण्याच्या ग्लासातही फुटतात, पण ती मुळं मातीत गेल्यावर जरा रुसतात.

कटिंगच्या रोपाला तळाशी तसा फुगीर बुडखा सहसा येत नाही. तो हवा असेल तर बी लावावं लागतं. घरात फूल फारसं येत नाही, पण रानातलं फूल पाहण्यासारखं असतं: रात्री उमलणारं, लांब पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधून पुंकेसरांचा मोठा झुबका. परागीभवन वटवाघळं करतात. मग लाकडी कवचाचं मोठं फळ धरतं आणि आतल्या बिया भाजून खातात. आपल्या कुंडीतलं झाड नेमकं कोणत्या जातीचं हे खात्रीनं माहीत नसेल तर मात्र त्याचं बी चाखायच्या फंदात पडू नका. बी सुकलं की उगवणक्षमता झपाट्यानं जाते, म्हणून ताजं मिळालं तर त्याच आठवड्यात, निम्मं मातीत आणि निम्मं वर राहील असं ठेवून लावा. उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत कोंब येतो. वेणी घालायची हौस असेल तर तीन बिया एकाच कुंडीत जवळजवळ लावा आणि रोपं वीतभर वर गेल्यावर, खोड अजून हिरवं असताना गुंफायला सुरुवात करा.